मुलांच्या पुढच्या शिक्षणाची नोंद कधी करणार?



आडसाली उसाची लागण जुलै-ऑगस्टात करायची आणि तोड घ्यायची ती पुढच्या वर्षीच्या हंगामात, म्हणजे सोळा-अठरा महिन्यांचा हिशेब आपण आधी मांडतो. बेणे कुठले आणायचे, विहिरीचे पाणी उन्हाळ्यात किती पाळ्यांना पुरेल, सोसायटीचे कर्ज केव्हा उचलायचे, भरणी केव्हा, खताचा दुसरा हप्ता केव्हा, हे सारे आपल्या डोक्यात पक्के असते. लागण झाली की गट ऑफिसात नोंद करायला आपण हयगय करत नाही. कारण नोंद चुकली की तोड लांबते आणि वजन घटते, हे कुणी सांगायला लागत नाही. मग ज्या पोराबाळांसाठी हा सारा खटाटोप, त्यांच्या शिक्षणाची नोंद आपण कधी करतो? बहुतेक घरांत ती दहावीचा निकाल लागल्यावर आठ दिवसांत होते. शेजारच्याने पोरगं सायन्सला घातलं म्हणून आपलंही सायन्सला. पाहुण्याने अमक्या क्लासचं नाव सांगितलं म्हणून तिथं. फी किती, पुढं काय, पोराला काय जमतं, हे विचारायला सवड कुणाला असते?

या घाईची किंमत फार मोठी असते. अकरावीला नको तो विषय घेतला, की बारावीनंतर हवी ती वाट बंद होते. एका दाखल्यासाठी प्रवेशाची फेरी हुकते. भलत्या कॉलेजात फी भरून बसल्यावर पोरगं दुसऱ्या वर्षी घरी येतं आणि आपण म्हणतो, "त्याच्यात दमच नव्हता." आमचे म्हणणे असे आहे, की पुष्कळ वेळा पोरात दम असतो, त्याला वेळेवर कुणी सांगितलेले नसते. म्हणून या अंकात ऊस, उतारा आणि हप्ता बाजूला ठेवून आम्ही हा विषय घेतला आहे.

सुरुवात आठवीपासून

कॉलेजची तयारी म्हणजे बारावीचा क्लास, असा एक समज झाला आहे. तो सोडला पाहिजे. तयारी आठवीपासून सुरू होते आणि त्या वेळी तिला पैसाही फारसा लागत नाही. आठवीत राष्ट्रीय पातळीवरची आर्थिक दुर्बल घटकांसाठीची शिष्यवृत्ती परीक्षा असते. शाळेत तिला 'एनएमएमएस' म्हणतात. सरकारी, स्थानिक संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांना ती देता येते. पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असले आणि मुलाची निवड झाली, तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. चार वर्षांचे ४८,००० झाले. आपल्या गावातल्या किती मुलांनी ही परीक्षा दिली, हे एकदा मुख्याध्यापकांना जाऊन विचारा. नुसते विचारलेत तरी पुढच्या वर्षी दोन मुले जास्त बसतील.

नववी-दहावीत पाहायचे ते एवढेच, की पोराचा कल कुठे आहे आणि त्याचे गणित व इंग्रजी कितपत आहे. आपल्याकडे मराठी माध्यमाचे मूल दहावीपर्यंत चांगले चालते आणि अकरावी सायन्सला गेल्यावर पुस्तक इंग्रजीत दिसले की दबकते. दहावीची परीक्षा मार्चात संपते आणि कॉलेज सुरू व्हायला पुढे बरेच दिवस असतात. त्या सुट्टीत अकरावीच्या भौतिक आणि रसायनशास्त्राची पहिली चार प्रकरणे शब्दकोश घेऊन वाचली, तर ही भीती निम्मी कमी होते. याला क्लास लागत नाही. गावातला एखादा बी.एस्सी. झालेला मुलगा संध्याकाळी तास-दोन तास बसला तरी पुरे.

वाटा पुष्कळ आहेत

दहावीनंतर सायन्स म्हणजे हुशार आणि बाकी सारे ढ, ही वाटणी कुणी केली कोण जाणे! दहावीच्या गुणांवर तीन वर्षांच्या पदविकेला, म्हणजे पॉलिटेक्निकला, प्रवेश मिळतो आणि पदविका चांगल्या गुणांनी झाली तर इंजिनिअरिंगच्या पदवीला थेट दुसऱ्या वर्षात जाता येते. ज्या पोराचा हात चालतो, जे मोटार उघडून बघतं, त्याला ही वाट बारावीपेक्षा सरळ पडते. आयटीआयची वाट तर आपल्या दाराशी आहे. फिटर, टर्नर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन यांच्यावाचून कोणत्या साखर कारखान्याचे चाक फिरते? १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली शिकताना विद्यावेतनही मिळते. आयटीआयवाल्यालाही पुढे पदविकेची दारे उघडी असतात, हे पुष्कळांना माहीत नसते.

सायन्सला जायचेच असेल तर अकरावीचा अर्ज भरतानाच विषय नीट बघा. गणित सोडले की इंजिनिअरिंग गेले आणि जीवशास्त्र सोडले की डॉक्टरकीची वाट अवघड झाली. कृषी पदवीला मात्र गणिताचा गट असो वा जीवशास्त्राचा, दोन्ही चालतात. इंजिनिअरिंग, औषधनिर्माण आणि कृषी या अभ्यासक्रमांसाठी राज्याची सीईटी आहे. तिच्यात अकरावीचा सुमारे २० टक्के आणि बारावीचा ८० टक्के अभ्यासक्रम येतो, एकूण २०० गुण असतात आणि चुकलेल्या उत्तराला गुण कापत नाहीत. वैद्यकीयला 'नीट' आहे. ती ७२० गुणांची, चुकले की एक गुण कापणारी. 'नीट'ची प्रश्नपत्रिका मराठीतूनही मागता येते. आयआयटी, एनआयटीसाठी 'जेईई' आहे. तीन परीक्षांचे तीन स्वभाव आहेत. तिन्ही एकदम धरायला गेलेले पोर बहुधा एकाही ठिकाणी पोचत नाही.

आणि आपला स्वतःचा धंदा? साखर तयार करण्याचे शास्त्र शिकवणाऱ्या संस्था देशात मोजक्याच आहेत. कानपूरची राष्ट्रीय शर्करा संस्था १९३६ पासून आहे आणि तिथे प्रवेशपरीक्षेने मुले घेतात. आपल्या राज्यात मांजरीला १९७५ साली उभी राहिलेली, आज वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाणारी संस्था आहे आणि ती तर ऊस उत्पादकांच्याच पैशावर उभी आहे. विज्ञानाची पदवी घेऊन साखर किंवा मद्यार्क तंत्रज्ञान शिकलेल्या मुलाला गाळप, सहवीजनिर्मिती आणि इथेनॉल या तिन्ही ठिकाणी काम आहे. उसाच्या घरातल्या पोरांना ही वाट ठाऊक नसावी, ही नवलाची गोष्ट म्हटली पाहिजे. तसेच राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ १९६८ पासून आपल्यासाठीच आहे. कृषी पदवीच्या प्रवेशपुस्तिकेत शेतकरी कुटुंबातील मुलांसाठी त्या वर्षी काय तरतूद आहे ते वाचा आणि सातबारा हाताशी ठेवा.

क्लासचा बाजार

आता एक कडू गोष्ट. दहावीचा निकाल लागला की शहरातल्या क्लासची माणसे गावात येतात. मोठमोठे फलक, पहिल्या आलेल्या मुलांचे फोटो. पोराचे नाव एका कॉलेजात आणि बसायचे क्लासमध्ये, अशी ही व्यवस्था असते आणि दोन वर्षांचा खर्च लाखांच्या घरात जातो. सगळेच क्लास वाईट, असे आम्ही म्हणत नाही. पण फोटो लागतात ते निवडक मुलांचे. बाकीच्या शेकड्यांचे काय झाले, ते फलकावर नसते. पैसे भरण्याआधी तीन प्रश्न विचारा. गेल्या वर्षी एकूण किती मुले बसली होती? आपल्या पोराइतके गुण असणारी मुले कुठे पोचली? मधेच सोडले तर पैसे परत मिळतात का? आणि उत्तर कागदावर मागा. ज्याला हे लिहून द्यायला अवघड वाटते त्याच्याकडे पोर घालू नये. शासनाच्या महाज्योतीसारख्या संस्था पात्र मुलांना सीईटी, जेईई, नीटची तयारी मोफत करून देतात. त्यांची जाहिरात गावात फलक लावून येत नाही, ती आपणच शोधावी लागते.

डोनेशनचीही गोष्ट तशीच. राज्यात १९८७ च्या कायद्याने कॅपिटेशन फी घेणे गुन्हा आहे. खासगी व्यावसायिक महाविद्यालयांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते आणि ती पाहता येते. तरीही मधला माणूस "आमचा वशिला आहे" म्हणून पैसे मागतो आणि आपण जमीन गहाण टाकून देतो. ज्या जागेसाठी वशिला लागतो, ती जागा आपल्या पोराला झेपणारी आहे का, हे आधी बघा.

कागदपत्रे आधी

प्रवेशाच्या वेळी तहसील कचेरीत जी झुंबड उडते ती सगळ्यांनी पाहिली आहे. वय-अधिवास, उत्पन्न, जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर, ईडब्ल्यूएस, ज्याला जे लागू असेल ते अकरावीतच जमवायला लागा. जातवैधता प्रमाणपत्राला जिल्ह्याच्या समितीकडे महिनोन्‌महिने लागू शकतात. आजोबांचा शाळेचा दाखला, जुन्या नोंदी शोधायला वेळ जातो. त्यामुळे अर्ज अकरावी-बारावीतच कॉलेजमार्फत केला पाहिजे. नॉन-क्रीमीलेअरची मुदत ३१ मार्चला संपत असते, म्हणून तारीख बघून घ्या. ईडब्ल्यूएसचा राज्याचा नमुना वेगळा आणि केंद्राचा वेगळा असतो. आधार, शाळेचा दाखला आणि दहावीचे गुणपत्रक यांत नावाचे एक अक्षर इकडे-तिकडे असले तरी पुढे चार खेटे पडतात. शिष्यवृत्तीचे पैसे आधारला जोडलेल्या खात्यातच येतात, तेही खाते आधी तपासा.

प्रवेशाची फेरी सुरू झाल्यावर पसंतीक्रम भरायचा असतो. तो नेट-कॅफेवाल्याच्या हातात देऊन आपण चहाला जायचे नसते. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचे कॉलेज मिळाले तर ते घ्यावेच लागते, नाहीतर पुढच्या फेऱ्यांतून नाव जाते. म्हणून जिथे खरोखर जायचे तेच पहिले लिहावे. अकरावीचे प्रवेशही २०२५-२६ पासून सबंध राज्यात याच पद्धतीने, ऑनलाइन झाले. आता गावातल्या कॉलेजातही "सरांना सांगून नाव घालू" हे चालत नाही.

पैशाचा मेळ

खरी अडचण इथे आहे. फी लागते जून ते ऑगस्टात आणि आपला पैसा येतो हंगामात. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे ऊस गेल्यापासून चौदा दिवसांत बिल मिळायचे असते. ते आले तरी सोसायटीची वसुली कापून, लग्नकार्य, खते, औषधपाणी यांत शिमग्यापर्यंत संपलेले असते. जूनमध्ये पोराची फी म्हटली की सावकार नाहीतर सोनार. म्हणजे शिक्षण महाग आहे हे खरे, पण ते चुकीच्या महिन्यात येते म्हणून आणखी महाग पडते.

सवलती आहेत, त्या माहीत असाव्यात. कुटुंबाचे उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजनेत व्यावसायिक अभ्यासक्रमाची निम्मी शिकवणी फी मिळते. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. पण हे पैसे प्रवेशाच्या दिवशी हातात पडत नाहीत, मागाहून येतात, हे धरून चाला. बँकेचे शैक्षणिक कर्ज चार लाखांपर्यंत तारणाशिवाय मिळते आणि शिक्षण संपल्यावर साधारण वर्षाने हप्ते सुरू होतात. मात्र पालक सहकर्जदार असतो. आपलेच पीककर्ज थकलेले असले तर बँक आधी त्यावर बोट ठेवते. आणि कर्ज म्हणजे कर्जच. ज्या शिक्षणातून ते फिटेल असे वाटत नाही, त्यासाठी ते काढू नये.

मुलींचे काय?

मुलगी बारावीला ऐंशी टक्के मिळवते आणि त्याच उन्हाळ्यात तिच्यासाठी स्थळे बघायला लागतात. "जवळ कॉलेज नाही, होस्टेलचा खर्च कोण करणार?" असे कारण सांगितले जाते. फीचे कारण तर आता बरेचसे संपले आहे. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि इतर मागास प्रवर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. अट एवढीच, की प्रवेश शासनाच्या केंद्रीय फेरीतून झाला पाहिजे. मॅनेजमेंट कोट्याला ही माफी नाही. बारावीपर्यंत एस.टी.चा पास मुलींना मोफत आहे. राहता राहिला होस्टेल आणि खाणावळीचा खर्च. लग्नातल्या एका दिवसाच्या मांडवाचा आणि जेवणावळीचा आकडा त्याच्या शेजारी लिहून बघा. आम्ही आणखी काही बोलत नाही.

"शिकून नोकऱ्या कुठं आहेत?"

हा प्रश्न पारावर हमखास येतो आणि तो खोटा नाही. पदवी घेऊन मोकळी फिरणारी पोरे प्रत्येक गावात आहेत. पण दुसरीही बाजू बघा. आजोबांची दहा एकर दोन भावांत पाच-पाच झाली, पुढच्या पिढीत अडीच-अडीच. अडीच एकर उसावर दोन संसार चालत नाहीत, हे पासबुकच सांगते. एक भाऊ शेतीत राहायचा तर दुसऱ्याला हातात कसब हवे. आणि शेतीत राहणाऱ्यालाही ठिबक, माती परीक्षण, बेणे निवड, हिशेब यांसाठी शिक्षण हवेच. आमचा आग्रह सगळ्यांनी पदवी घ्यावी असा नाही. जे घ्यायचे ते बघून, विचारून, वेळेवर घ्यावे असा आहे. मोकळी फिरणारी पदवी बहुधा न विचारता घेतलेली असते.

कारखान्याने काय करावे

"कारखान्याचं काम ऊस गाळायचं, शाळा चालवायचं नव्हे," असे काही सभासद म्हणतील. पण या भागातली सहकाराची रीत तशी नाही. शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात बोर्डिंग काढले, कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापून खेड्यातले पोर 'कमवा आणि शिका' म्हणत शहाणे केले. पुढे लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांच्या आणि वारणेला तात्यासाहेब कोऱ्यांच्या कारखान्यांभोवती शाळा-कॉलेजे उभी राहिली. आम्ही तर नवी इमारतही मागत नाही. मागणी तीन गोष्टींची आहे.

पहिली, प्रत्येक गट ऑफिसात ऊस नोंदीच्या वहीशेजारी एक वही ठेवावी. आठवी ते बारावीतल्या मुला-मुलींची नावे, इयत्ता आणि कोणता दाखला बाकी आहे, एवढे तिच्यात असावे. जानेवारीत आणि मेमध्ये एक-एक दिवस तिथे माहितगार शिक्षक बसवावा. त्या दिवशी पोरांना बरोबर आणावे. नुसते बापाने येऊन उपयोग नाही.

दुसरी, ज्या सभासदाची लेखी संमती असेल त्याच्या बिलातून टनामागे ठरावीक रक्कम शिक्षणासाठी बाजूला काढावी. १०० टन ऊस घालणाऱ्याने टनाला १०० रुपये ठेवले तर हंगामाला १०,००० होतात आणि आठवी ते बारावी पाच हंगामांत ५०,०००, वर व्याज. ठेव म्हटली की सभासदाच्या कपाळाला आठी पडते, हे आम्ही जाणतो. परतीच्या आणि बिनपरतीच्या ठेवींच्या आठवणी ताज्या आहेत. म्हणून ही रक्कम एक दिवसही कारखान्याकडे राहू नये. बिलाबरोबरच ती मुलाच्या नावच्या बँक किंवा पोस्टाच्या खात्यात जावी आणि पावती सभासदाच्या हातात पडावी. सक्ती कुणावर नसावी आणि संमती केव्हाही मागे घेता यावी.

तिसरी, कारखान्यात शिकाऊ उमेदवार घेताना कार्यक्षेत्रातल्या आयटीआय आणि पदविकाधारक मुलांची यादी गुणानुक्रमे लावावी आणि ती फलकावर चिकटवावी. चिठ्ठीवर जागा मिळते असे पोरांना दिसले, तर अभ्यास कशासाठी करायचा, हा त्यांचा प्रश्न रास्तच ठरेल.

याच ओघात एक बोलायचे आहे. आपला ऊस तोडायला ज्या टोळ्या येतात त्यांची मुलेही याच वयाची असतात. बारावी-दहावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चात आणि त्यांचे आईबाप त्या वेळी आपल्या फडात. त्या मुलांना गावाकडच्या वसतिगृहात राहता येते की नाही, इथे आली असतील तर जवळच्या शाळेत बसवता येते की नाही, हे टोळी ठरवतानाच मुकादमाला विचारले पाहिजे. आपली पोरे शिकावीत आणि त्यांच्या हातात कोयताच राहावा, असे सहकारात बसत नाही.

येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत या तीन सूचना विषयपत्रिकेवर घ्याव्यात, अशी आमची संचालक मंडळाला विनंती आहे. तोवर सभासदांनी एवढे करावे: घरात आठवी ते बारावीतले मूल असेल तर आज रात्री जेवताना त्याला विचारावे, "तुला काय व्हायचं आहे आणि त्याला काय लागतं?" त्याला उत्तर ठाऊक नसेल तर रागावू नये. दोघांनी मिळून शाळेत जावे आणि विचारून यावे.

जय सहकार!